पाच घरांची एक चावी

परवा आमच्या धुण्याभांड्याच्या मावशी नऊच्या ठिकाणी साडेदहाला आल्या. मला अकराला शाळेत पोचायचे, ओट्यावर भांड्यांचा ढीग! 'उद्यापासून येऊ नका,' हे शब्द अगदी ओठांवर आले होते. तेवढ्यात घाम पुसत मावशीच म्हणाल्या, "वैनी, आज चावीला पाणीच उशिरा आलं. म्होरं ईस घागरी हुत्या. न भरता आले असते, तर पोरांनी काय प्यायचं?"

मी गप्पच झाले. जुलै २०२१ चा महापूर आठवला. पाणी उपसा केंद्रे बुडाली, आणि आमचे नळ कोरडे! टँकरपुढे कळशी घेऊन उभे राहताना माझेही घड्याळ कोलमडले होते. आमचे ते चार दिवस, मावशींचे मात्र रोजचेच.

नोव्हेंबर २०२३ मध्ये काळम्मावाडी धरणाचे पाणी थेट जलवाहिनीने कोल्हापुरात पोचले. पण मैत्रिणींनो, पाणी गावात येणे वेगळे आणि गरिबाच्या दारात येणे वेगळे.

मुंबईत पाणी हक्क समिती यासाठी न्यायालयात गेली. डिसेंबर २०१४ मध्ये उच्च न्यायालयाने सांगितले, की घर बेकायदा असले तरी तिथल्या माणसाला पाणी नाकारता येत नाही. जगण्याच्या हक्कातच पाणी आले. तिथल्या झोपडपट्ट्यांत काही घरे मिळून एक जोडणी, एक मीटर घेतात. गटातला एकजण पैसे जमवून महापालिकेत भरतो.

हे सांगताच मावशी म्हणाल्या, "पैशाचा हिशेब कोण ठेवणार? त्यातच भांडणं लागत्यात."

खरेच आहे! एकाने पैसे थकवले, की पाचांचे पाणी अडते. म्हणून त्यांना मी एक वही आखून दिली: घर, महिना, रक्कम, सही किंवा अंगठा. शेवटच्या पानांवर बिलाच्या पावत्या चिकटवायच्या. दरमहा प्रत्येकीने थोडे जास्त काढून ठेवायचे, म्हणजे एखादीची अडचण निभावते. पैसे जमवायची पाळी दर तीन महिन्यांनी बदलायची, आणि वही सर्वांसमोर वाचायची.

पुढच्या सोमवारी पाचजणींचा अर्ज घेऊन मी त्यांच्याबरोबर पाणीपुरवठा विभागात जाणार आहे. तोवर मावशी पाणी भरून झाल्यावर येतील. सकाळची चार भांडी मी घासली, तर काय बिघडले?

तुमच्याकडच्या बाईंना उशीर झाला, तर रागावण्याआधी एवढे जरूर विचारा, "आज पाणी किती वाजता आलं?"