बाण कुठे गेला?

खरं सांगा, शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये सर पाठमोरे झाले की तुम्ही काय करायचात? आम्ही माऊसचा कर्सर बदलायचो! विंडोज एक्सपीच्या पोतडीत डायनासोर होता, घोडा होता आणि चक्क सोललं जाणारं केळंसुद्धा. आम्ही जळगाव जिल्ह्यातली पोरं. काय निवडलं असेल, सांगायला नकोच!

गेल्या दिवाळीत पारोळ्याला गेलो, तेव्हा हा जुना उद्योग एकदम कामी आला. आप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, बी-बियाण्याचं दुकान आहे. हौसेनं बिलिंग सॉफ्टवेअर घेतलेलं. पण कॉम्प्युटरसमोर बसला होता दुकानातला पोरगा आणि आप्पा मागच्या खुर्चीत, पेपर चाळत.

"डोळे गेले, भाऊ. सेव्ह दाबतो तर बिल रद्द होतं. गिऱ्हाईक हसतं."

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे मलाही पटलं. म्हटलं, टेन्शन नको. सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी, तिथे माऊस पॉइंटर. आकार १ ते १५ पर्यंत वाढतो, रंगही मिळतो. मी हळदीसारखा पिवळाधमक, मोठ्ठा बाण केला. आप्पा खूश! मग बिलिंग उघडलं आणि बाण गायब. त्या जागी इवलंसं सोनेरी पेन.

फंडा असा आहे. आपल्या खिडकीत कोणता कर्सर दिसावा, हे ते सॉफ्टवेअर ठरवतं. त्यानं स्वतःचं चित्र चिकटवलं, की तुमची सेटिंग तिथे चालेलच असं नाही. दुसरी भानगड हॉटस्पॉटची. कर्सर केवढाही असो, क्लिक त्याच्या एकाच ठिपक्यावर होते. बाणाचा ठिपका टोकावर, वर डावीकडे. या पेनाचं टोक होतं खाली आणि ठिपका राहिला होता वरच्या कोपऱ्यात! निब 'सेव्ह'वर टेकायची, क्लिक मात्र वरच्या 'रद्द'वर.

म्हणजे चूक आप्पांच्या डोळ्यांची नव्हतीच. पेनाची होती. आणि त्यापायी माणूस स्वतःच्या गल्ल्यावरून उठून मागे जाऊन बसला होता.

वेगळा कर्सर वाईट असतो का? मुळीच नाही. एक्सेलमध्ये जाड पांढरी अधिकची खूण सेल निवडते, कोपऱ्यात ती बारीक काळी झाली की ओढून आकडे भरायचे. फोटोशॉपमध्ये गोल दिसतो तो ब्रशच्या मापाचा. (तो अचानक गायब झाला तर आधी कॅप्स लॉक बघा!) हे कर्सर काहीतरी सांगतात. सोनेरी पेन नुसतं मिरवतं.

सॉफ्टवेअरवाल्याला फोन लावला. आधी "सर, प्रीमियम लुक आहे," झालं. मग मी त्याला स्क्रीनचा व्हिडिओ पाठवला. आठवड्याभरात अपडेट आलं : 'विंडोजचाच कर्सर वापरा'. एवढा एक पर्याय, बस्स.

आता बिलं आप्पाच करतात. मी फोनवर म्हटलं, पिवळ्या बाणाऐवजी आपलं केळं लावू का?

"केळं रावेर-यावलवाल्यांचं," आप्पा म्हणाले. "आपल्या पारोळ्याचा कापूस. आणि तू त्या बाणाला हात लावू नको!"