लोटा आणि बाराखडी

आमच्या घरात ‘डिझाइन’ हा शब्द आजवर दोनच बाबतींत वापरला जाई: साडीचे काठ आणि खिडकीची जाळी. त्यामुळे इंजिनिअर झालेली माझी भाची चालून आलेली नोकरी बाजूला सारून लोणी काळभोरला डिझाइनची पदव्युत्तर पदवी घ्यायला निघाली, तेव्हा आमच्या मेहुण्यांनी डोक्याला हात लावला. “दोन वर्षे खर्चून ही शिकणार काय, तर बटण कुठे लावायचे! आता बोला!”

मी काय बोलणार? मराठीचा प्राध्यापक. नोकरी न देणाऱ्या विषयांवर मेहुण्यांपुढे बोलण्याचा अधिकार मी केव्हाच गमावला आहे.

पुण्याहून सोलापूर रस्त्याने हडपसर मागे टाकले की लोणी येते. थेऊरच्या चिंतामणीचे भाविक याच वाटेने जातात. इथे मुळा-मुठेच्या काठी राज कपूर यांची राजबाग होती. त्या राजबागेत २००६ साली एमआयटीची डिझाइन संस्था सुरू झाली. भाचीला पोहोचवायला गेलो, तेव्हा तिला विचारले, “बाई ग, हे मानवकेंद्री इंटरॅक्शन डिझाइन म्हणजे काय, ते एका वाक्यात सांग.”

ती म्हणाली, “मामा, दार ढकलायचे की ओढायचे ते कळले नाही, तर चूक माणसाची नव्हे, दाराची. एवढेच.”

हा दाराचा दाखला डोनाल्ड नॉर्मन या अमेरिकन पंडिताचा. १९८८ साली त्यांनी रोजच्या वस्तूंच्या मानसशास्त्रावर एक ग्रंथच लिहिला. पण आपल्याकडचा दाखला त्याहून जुना आहे. १९५८ साली चार्ल्स आणि रे इम्स या अमेरिकन दांपत्याने भारत सरकारला एक अहवाल दिला. सगळा देश फिरून त्यांना सर्वांत सुंदर वस्तू कोणती वाटली, तर आपला लोटा! तो डोक्यावर नेताना तोल कसा राहतो, ओतताना धार कशी पडते, रिकामा आणि भरलेला हातात कसा बसतो, या सगळ्याचा त्यांनी विचार केला. लोटा कुणा एकाने घडवला नाही. पिढ्यान् पिढ्यांच्या हातांनी तो घडवला. पुढे १९६१ साली अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था निघाली आणि १९६९ साली पवईच्या आयआयटीत अशाच शिक्षणाचे केंद्र उभे राहिले.

हे सगळे ऐकून मी मान डोलावली. पण खरा धडा मिळाला तो माझ्याच स्वयंपाकघरात.

माझ्या आईचे वय अठ्ठ्याहत्तर. वर्षापूर्वी ती पासबुक भरायला बँकेत गेली आणि तिथल्या नव्या यंत्रापुढे अडली. मागच्या रांगेतून कुणी सुस्कारा टाकला, कुणी “आजी, आटपा” म्हणाले. ती तशीच परत आली. “माझंच डोकं चालत नाही आता,” एवढेच म्हणाली आणि पासबुक माझ्या हाती दिले. चाळीस वर्षे स्वतःचा हिशेब स्वतः ठेवणारी बाई! मीही ते पासबुक मुकाट्याने खिशात घातले, हे अधिक वाईट.

दिवाळीपूर्वी भाची घरी आली ती कागदाचे तुकडे घेऊन. प्रत्येक तुकड्यावर यंत्राचा पडदा काढलेला. म्हणाली, “आजी, हे यंत्र आहे असं समज. बोट लाव आणि मनात येईल ते मोठ्यानं बोल. एक लक्षात ठेव, आम्ही तुझी परीक्षा घेत नाही, यंत्राची घेतो.”

पहिल्याच कागदावर लिहिले होते: ‘खाते क्रमांक प्रविष्ट करा.’ आई बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, “प्रविष्ट? म्हणजे कुठे शिरायचं?”

मी लगबगीने शब्दाची व्युत्पत्ती सांगू लागलो. “मामा, तू गप्प बस,” भाची म्हणाली. “बँकेत तू शेजारी नसणार.” तिने वहीत काहीतरी टिपले, शब्द खोडला आणि वर लिहिले, ‘खाते क्रमांक लिहा.’ आईने पुढचे सगळे कागद चहा निवायच्या आत पार केले.

मग भाचीने आजीच्या फोनवर ‘स्वरचक्र’ घालून दिले. पवईच्याच मंडळींनी २०१३ साली काढलेली ही मराठी लिहिण्याची सोय. अक्षरे वर्णमालेच्या क्रमाने मांडलेली. ‘क’वर बोट ठेवले की भोवती का, कि, की, कु असे चक्र उमटते. आई हरखली. “अगो बाई, ही तर आमची बाराखडी!” जे तिला सातव्या वर्षापासून येत होते, तेच यंत्राने तिला विचारले होते.

त्या रात्री मी उत्तरपत्रिका तपासायला बसलो. ‘प्रश्न नीट वाचा’ हा लाल शेरा मी गेली वीस वर्षे मारत आलो आहे. एकाच प्रश्नावर निम्मा वर्ग घसरलेला दिसला. प्रश्न पुन्हा वाचला. तीन ओळींचे एकच वाक्य, त्यात दोन नकार आणि तीन तत्सम शब्द. मी स्वतः काढलेला प्रश्न! तिसऱ्या वाचनात मला कळला. वीस वर्षांत किती मुले “माझंच डोकं चालत नाही” म्हणून घरी गेली असतील, कुणास ठाऊक. त्या रात्री लाल पेन मी बाजूला ठेवले.

बँकेतले यंत्र काही बदललेले नाही. परवा आईने माझ्याकडून पासबुक मागून घेतले आणि एकटी गेली. पुन्हा अडली. मागून पुन्हा सुस्कारा आला. तेव्हा म्हणे ती सावकाश वळली आणि म्हणाली, “थांबा जरा. परीक्षा माझी नाही, यंत्राची चाललीय.”

आणि हसत हसत त्या रांगेतलाच एक पोरगा पुढे आला.