सोनं खाली, सौदा वर

“जमिनीतलं सोनं काढा, मागासलेपण आपोआप जाईल,” असं कल्याण कर्नाटकाविषयी ठणकावणारे नेहमी हट्टीकडे बोट दाखवतात. रायचूर जिल्ह्यात सोन्याची खाण चालू आहे, तर याच मुलखातल्या कलबुर्गी-बीदरचं तेवढं नशीब खोटं! हे मला साफ नामंजूर आहे.

या मुलखाच्या नावानं सोन्याची झिंग एकदा चढून गेली आहे, पण ती चढली लंडनच्या शेअरबाजारात. 1886 मध्ये हैदराबादच्या निजामाकडून खाणींचे हक्क घेऊन हैदराबाद डेक्कन कंपनी उभी राहिली. कागदावरचं भांडवल 10 लाख पौंड, 10 पौंडांचे 1 लाख शेअर. त्यातले 85,000 शेअर खाणींचे हक्क मिळवणाऱ्यांनीच फुकटात लाटले. वर निजामाच्याच मर्जीतल्या अब्दुल हकनं आपल्याकडचे शेअर निजाम सरकारच्या गळ्यात मारले. 1888 मध्ये ब्रिटिश पार्लमेंटला चौकशी समिती नेमावी लागली. कुदळीआधीच कमाई झाली होती! पुढे हट्टीत काम झालं, 1920 मध्ये थांबलं.

“पण आज हट्टीत वस्ती आहे, पगार आहेत,” असं कुणी म्हणेल. आहेतच. ते 1947 नंतर खाण सरकारी कंपनीच्या हाती आली म्हणून. सोनं तेच, मालक बदलला. आणि खाण म्हणजे कायमचं भाग्य नव्हे: कोलारच्या सोन्याच्या खाणींना तर 1902 मध्येच शिवनसमुद्रची वीज पोचली होती. पण 28 फेब्रुवारी 2001 ला त्या बंद पडल्या आणि गावाच्या वाट्याला सायनाइडच्या मातीचे डोंगर उरले.

आमचं खरं सोनं काळ्या रानातली तूर, असंही ऐकतो. त्याचीही धाव पाहिली. 2015 मध्ये डाळ किलोला 200 रुपयांच्या घरात गेली, पुढच्या खरिपात जो तो तुरीवर तुटून पडला, आणि माल आला तेव्हा बाजारभाव क्विंटलला 5,050 रुपयांच्या हमीभावाखाली घसरला. खरेदी केंद्रावर रांगेत उभा राहिला तो शेतकरी. (दालमिलवाल्याला रांग कशाला?)

मग बदल घडवतं काय? राज्यघटनेचं कलम 371 (जे). इथल्या पोरांना नोकरीत आणि कॉलेजात राखीव जागा मिळाल्या त्या या कलमामुळे, आणि आळंद-भालकीच्या मराठी घरांतली पोरंही रहिवासी म्हणून त्यात बसतात. त्यासाठी एक तोळाही खणावा लागला नाही. आता नवी खाण काढायची झालीच, तर खोदाईआधी खाणपट्ट्याच्या अटी कन्नड आणि मराठीत ग्रामसभेपुढे वाचा, आणि जिल्हा खनिज निधीतला पैसा कुठे खर्चायचा ते तिथेच ठरू द्या.