तळणीला तेल, साट्याला तूप
दिवाळीच्या किराणा यादीत नुसतं ‘तेल’ लिहून भागत नाही; तळणीचं काम वेगळं, साट्याचं वेगळं. तळण साधारण १७० ते १९० अंश सेल्सिअसवर होतं. तिथे लवकर न धुरावणारं, फारसा वास नसलेलं रिफाइंड शेंगदाणा तेल चोख. लोणी कढईत करपतं, कारण त्यात दुधातले घन पदार्थ असतात. तेच कढवून गाळलं की उरलेलं तूप जास्त ताप सोसतं. करंजीच्या साट्याचं गणित उलटं: तेल पिठात मुरून जातं, फेसलेलं घट्ट तूप मात्र पदर सुटे ठेवतं. नानकटाईचा खुसखुशीतपणाही या घट्टपणाचाच. त्यासाठीच बेकऱ्यांत वनस्पती तूप सर्रास चाले. त्यातल्या ट्रान्स फॅटवर २०२२पासून २ टक्क्यांची मर्यादा आली, हे बरंच झालं. मोहनालाही माप हवं. जास्त झालं तर चकली तेलातच विरघळते. आणि तळून उरलेलं तेल? काळपट, फेसाळ झालं की टाकावंच. ते पुन्हापुन्हा तापवून वाचवलेले चार पैसे शेवटी औषधांवरच खर्च व्हायचे.