सांकेतिक भाषा शिकणाऱ्यांचा जाहीरनामा

आम्ही भारतीय सांकेतिक भाषा शिकणारे लोक आहोत. आम्हाला ऐकू येतं. आमच्यात शिक्षक आहेत, परिचारिका आहेत, बँकेच्या काउंटरवर बसणारे आहेत, कर्णबधिर मुलांचे आईबाप आहेत, आणि दोन मित्रांना बसस्टॉपवर हातांनी भांडताना पाहून या भाषेच्या प्रेमात पडलेले कॉलेजचे विद्यार्थीही आहेत. कुणी अजून अक्षरांवरच अडखळतो, कुणाला गप्पा मारता येऊ लागल्या आहेत. ही भाषा आम्ही शिकणार, वापरणार, तिच्या हक्कासाठी भांडणार. पण आजपासून इंटरनेटवर तिचे धडे आम्ही देणार नाही. ते काम कर्णबधिर शिक्षकांचं आहे, आणि ते त्यांच्याच हाती राहील यासाठी ही चळवळ आहे.

आज काय चाललं आहे ते पाहा. एखाद्या शिबिरात थोड्या खुणा शिकलेला माणूस घरी येतो, मोबाइल समोर उभा करतो आणि ‘चला, दहा खुणा शिकूया’ म्हणत रील टाकतो. हेतू चांगलाच असतो. पण त्या रीलमध्ये कपाळ चौकटीबाहेर गेलेलं असतं, हातांवरून मजकूर सरकत असतो, मागे गाणं वाजत असतं. समजावून सांगणं सगळं तोंडी, आणि खाली एक ओळही लिहिलेली नसते. ज्यांची ही भाषा, त्यांनाच तो धडा कळायची सोय नसते.

कपाळ दिसणं ही बारीकसारीक गोष्ट नाही. ‘तू जेवलास’ आणि ‘तू जेवलास?’ यांत हातांच्या खुणा त्याच राहतात. भुवया वर जातात, डोळे मोठे होतात, मान किंचित पुढे येते, आणि विधानाचा प्रश्न होतो. या भाषेचं अर्धं व्याकरण चेहऱ्यावर असतं. ‘तू कुठे राहतोस’ हे विचारताना ‘कुठे’ शेवटी येतं. नकारही शेवटी येतो. देण्याची खूण देणाऱ्याकडून घेणाऱ्याकडे जाते. हाताची दिशा बदलली की कुणी कुणाला दिलं तेच बदलतं. नवशिक्याला यातलं काहीच दिसत नाही, कारण त्याची नजर अजून बोटांवर खिळलेली असते. मग तो हिंदी गाण्याच्या शब्दामागे शब्द घेतो, प्रत्येकाला एकेक खूण चिकटवतो आणि त्याला सांकेतिक भाषा म्हणतो. इंग्रजी अक्षरं एका हाताने दाखवतो, कारण ती अमेरिकी व्हिडिओवरून उचललेली असतात. आपल्याकडे ती दोन हातांनी दाखवतात. ए, ई, आय, ओ, यू हे पाच स्वर एका हाताच्या पाच बोटांच्या टोकांवर दुसऱ्या हाताच्या तर्जनीने टेकवतात.

हे पाहतं कोण? परभणीत किंवा कणकवलीत एक आई असते. मुलाला ऐकू येत नाही हे तिला नुकतंच कळलेलं असतं. घरात ही भाषा येणारं कुणी नसतं. बहुतेक कर्णबधिर मुलं ऐकणाऱ्या आईबापांच्याच घरी जन्मतात. रात्री सगळे झोपल्यावर ती मोबाइलवर शोधते. तिच्यासमोर सगळ्यात आधी येतो तो सर्वाधिक पाहिला गेलेला व्हिडिओ, म्हणजे संगीत असलेला, हसऱ्या चेहऱ्याचा, ऐकणाऱ्यांनी ऐकणाऱ्यांसाठी केलेला. कर्णबधिर शिक्षकाचा शांत, आवाज नसलेला, नीट उजेडात घेतलेला धडा कुठेतरी खाली राहतो. सकाळी ती आई जी खूण मुलाला दाखवते, ती त्या मुलाच्या आयुष्यातल्या पहिल्या शब्दांपैकी एक असते. तो शब्द चुकीचा असण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

दुसऱ्या भाषेत अशी चूक लगेच पकडली जाते, कारण ऐकणाऱ्यांत जाणकार असतात. इथे टाळ्या वाजवणाऱ्या बहुतेकांना ही भाषा येतच नसते. १० डिसेंबर २०१३ रोजी जोहान्सबर्गच्या स्टेडियममध्ये नेल्सन मंडेलांची शोकसभा झाली. जगभरच्या राष्ट्रप्रमुखांशेजारी उभा राहून एक माणूस तासन् तास हात हलवत होता. कोट्यवधी ऐकणाऱ्यांनी त्याला दुभाषक मानलं. दक्षिण आफ्रिकेतल्या कर्णबधिरांनी मात्र तो काहीच अर्थपूर्ण सांगत नाही हे तत्काळ ओळखलं आणि तसं सांगितलं. पाहणाऱ्यांची संख्या आणि सांगण्याचा खरेपणा यांचा संबंध नसतो हे त्या दिवशी साऱ्या जगाने पाहिलं.

आणि इतिहास आपल्या बाजूने बोलत नाही. १८८० मध्ये इटलीतल्या मिलान शहरात कर्णबधिरांच्या शिक्षणाविषयी आंतरराष्ट्रीय परिषद भरली. दीडशेहून जास्त प्रतिनिधींमध्ये कर्णबधिर एकच होता. परिषदेने ठरवलं: मुलांना तोंडानेच बोलायला शिकवा, खुणा वर्गाबाहेर काढा. मुंबईत कर्णबधिर मुलांची भारतातली पहिली शाळा निघाली ती त्याच दशकात, आणि पुढे आपल्या शाळांतूनही तोंडी बोलण्याचाच आग्रह चालला. खुणा करणाऱ्या मुलांना हात खाली ठेवायला लावलं गेलं. तरीही मुलं मधल्या सुट्टीत, वसतिगृहांत, जिन्याखाली एकमेकांकडून ही भाषा शिकत राहिली. १९६० मध्ये भाषाशास्त्रज्ञ विल्यम स्टोकी यांनी अमेरिकी सांकेतिक भाषेची स्वतंत्र रचना मांडली तेव्हा विद्यापीठं ऐकू लागली. कर्णबधिरांना ते आधीपासून माहीत होतं. मिलानच्या ठरावाबद्दल खेद व्यक्त व्हायला २०१० उजाडलं, तेही व्हँकूवरच्या परिषदेत.

काल ऐकणाऱ्यांनी न विचारता ही भाषा बंद केली. आज ऐकणारे न विचारता ती शिकवायला निघाले आहेत. आजचा चेहरा प्रेमळ आहे, म्हणून त्याला नाही म्हणणं अधिक अवघड आहे. आम्ही नाही म्हणतो.

आम्ही मानतो की भाषा तिच्या माणसांपासून सुटी करून वाटता येत नाही. मुंबईची खूण आणि दिल्लीची खूण वेगळी असू शकते, म्हाताऱ्यांची आणि तरुणांची वेगळी असू शकते. हा फरक ज्याने जगून पाहिला त्यालाच तो शिकवता येतो. कर्णबधिर आईबापांची ऐकणारी मुलं या भाषेत वाढलेली असतात. त्यांना आम्ही नवशिके म्हणत नाही, त्यांच्याकडूनही शिकतो. शिक्षक नाहीत ही सबबही आता चालणार नाही. दिल्लीतल्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्रात ही भाषा शिकवण्याची पदविका आहे आणि ती कर्णबधिरांसाठी आहे. त्याच केंद्राच्या शब्दकोशात २०२१ पर्यंत दहा हजार शब्द आले, आणि ते व्हिडिओ कुणालाही फुकट पाहता येतात. त्यांचं मोबाइल ॲपही आहे. वांद्र्याला कर्णबधिरांसाठीची अली यावर जंग संस्था १९८३ पासून आहे. डिसेंबर २०२४ पासून पीएम ई-विद्याची ३१ क्रमांकाची वाहिनी याच भाषेसाठी चालते. आईला दाखवायला वाटा आहेत. त्या वाटांच्या तोंडाशी आपण आपलं दुकान मांडायचं नाही, एवढंच.

कुणी म्हणेल, यामुळे लोक घाबरून खुणा करायचंच सोडतील. उलट व्हायला हवं. मोडकीतोडकी भाषा बोलण्यात काहीही लाज नाही. त्या आईने आजपासून मुलाशी बोलावं, चुकत बोलावं, रोज बोलावं. मूल आणि कर्णबधिर शेजारी तिला सुधारतील. दवाखान्यात, तिकीट खिडकीवर, शाळेच्या दारात आपण सगळ्यांनी हात उचलावेत. चारचौघांत बोलणं आणि चारचौघांना शिकवणं यांत फरक आहे. पहिल्यासाठी धाडस पुरतं. दुसऱ्यासाठी ते पुरत नाही. शिकवल्याने आपलं पक्कं होतं, हेही खरं. मग आपण वर्गातल्या सोबत्याला शिकवू, कर्णबधिर शिक्षकासमोर, त्यांनी तिथल्या तिथे हात धरून दुरुस्त करावं म्हणून.

तर आम्ही असं करू. ही भाषा शिकताना झालेला आनंद आम्ही जरूर सांगू, पण सांगताना शिक्षकाचं नाव आणि त्यांच्या धड्यांचा पत्ता पहिल्या ओळीत देऊ. सरावाचा व्हिडिओ टाकलाच तर तो सराव आहे असं त्यावर ठळक लिहू, शिक्षकाने पाहिल्याशिवाय टाकणार नाही, आणि ऐकू न येणाऱ्याला कळेल असा मजकूर खाली देऊ. कर्णबधिर शिक्षकांचे व्हिडिओ शेवटपर्यंत पाहू, पुढे पाठवू, इतके की त्या आईच्या मोबाइलवर तेच आधी येतील. त्यांच्या वर्गाची फी पूर्ण भरू. समाजसेवा म्हणून फुकट शिकवा असं त्यांना कधीही म्हणणार नाही. शाळा, कंपनी किंवा गणेश मंडळ आम्हाला खुणांच्या कार्यशाळेला बोलावील तेव्हा आम्ही मानधनासकट ते बोलावणं कर्णबधिर शिक्षकाकडे वळवू, आणि दुभाषक लागला तर त्याचाही खर्च आयोजकांनी द्यावा असा आग्रह धरू. एखाद्या नवशिक्याने धडा टाकलेला दिसला तर चारचौघांत त्याची फजिती करणार नाही. त्याला खाजगीत लिहू आणि आमच्यात बोलावू. तो आमचाच माणूस आहे.

२०११ च्या जनगणनेने देशात ऐकू न येणारी ५० लाखांहून जास्त माणसं मोजली. त्यांच्याशी बोलायला शिकणाऱ्यांची पिढी आता उभी राहते आहे. २०२१ मध्ये या भाषेला शालेय विषयाचा दर्जा मिळाला. सप्टेंबर २०२३ मध्ये सारा सनी या कर्णबधिर वकील दुभाषकाच्या साथीने सर्वोच्च न्यायालयापुढे हजर झाल्या. शाळेचं दार उघडलं आहे, न्यायालयाचं उघडलं आहे. त्या दारांतून आत शिरताना पुढे कोण चालणार, हा प्रश्न आपल्या पिढीच्या हातात आहे, आणि आम्ही एक पाऊल मागे राहून चालणार आहोत.

तुम्ही ही भाषा शिकत असाल, शिकायचं मनात असेल, तर आमच्यात या. सभासद फी नाही, पदं नाहीत. येत्या २३ सप्टेंबरला, आंतरराष्ट्रीय सांकेतिक भाषा दिनी, आपापल्या खात्यांवरून नवशिक्यांचे धडे उतरवू आणि त्या जागी आपल्या जिल्ह्यातल्या किंवा राज्यातल्या एका कर्णबधिर शिक्षकाचा धडा, त्यांची परवानगी घेऊन, लावू. परवानगी त्यांच्याच भाषेत मागायची. जमेल तशी.