पऱ्हाटी भट्टीत, पाचट सरीत

शेतातला काडीकचरा म्हणजे फुकटचं इंधन. भट्टीत घाला, कोळसाही मिळेल आणि तेलही, असं सांगणारा एक पक्ष सध्या जोरात आहे. दुसरा म्हणतो, रानातली काडीही उचलू नका, जमीन उपाशी मरेल. भांडण मोठं, पण चूक दोघांची एकच. काडी तेवढी सारखी, असं दोघेही धरून चालतात.

हवा बंद ठेवून काडी तापवली की आधी ओल निघते. साधारण २२० ते ३१५ अंश सेल्सिअसला हेमिसेल्युलोज फुटतं, त्यापुढे ४०० पर्यंत सेल्युलोज. लिग्निन चिवट, ते सावकाश मोडतं आणि कोळशात त्याचा वाटा मोठा असतो. राख मात्र जिथल्या तिथे राहते. भाताच्या तुसात ती वीस टक्क्यांच्या घरात, बहुतेक सिलिका. त्यामुळे तुसाच्या कोळशात जवळपास निम्मी राखच. पेंढ्यातलं पोटॅश त्या सिलिकेला लवकर वितळवतं आणि बॉयलरमध्ये खंगर धरतो. हे फुकटचं इंधन झालं का?

तेलाचं तर बोलायलाच नको. पाचशे अंशांच्या आसपास झटपट तापवून वाफ थंड केली की काळपट द्रव मिळतो खरा, पण त्यात पंधरा ते तीस टक्के पाणी, शिवाय ॲसेटिक आम्ल. उष्णता डिझेलच्या निम्मीही नाही. ट्रॅक्टरमध्ये ओतून बघायची हौस कुणी करू नये.

मग भट्टी कशासाठी? पऱ्हाटीसाठी. कापसाची वेचणी संपली की ती रानाबाहेर काढावीच लागते, कारण उभ्या झाडावरच्या किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते. काढलेली पऱ्हाटी बांधावर पेटवतात. ती लाकडासारखी टणक, राख तुसाच्या मानाने फारच कमी. जी काडी नाहीतरी जळणारच, तिचा कोळसा केला तर जमिनीचं आणखी काय गेलं? आणि पऱ्हाटीचा ट्रक म्हणजे अर्धी हवाच वाहायची. भट्टी शेताजवळ असेल तर ट्रकमध्ये कोळसा भरता येतो.

उसाच्या पाचटाचं गणित उलट. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ संस्थेला पाचटापासून कोळसा करण्याच्या कामासाठी २००२ मध्ये ॲश्डेन पुरस्कार मिळाला. पाचट पेटवून देण्यापेक्षा ते शतपटींनी शहाणपणाचं होतं, आजही आहे. पण खोडव्यात कुट्टी करून सरीत पसरता येत असेल, तर ते तिथेच राहू द्यावं. ओल टिकते, तण दबतं, सेंद्रिय कर्ब वाढतो. भट्टीत त्यातला बराचसा नत्र उडून जातो.

‘दहा किलो पऱ्हाटीचा तीनच किलो कोळसा, सात किलो वाया,’ हा आक्षेप नेहमीचा. सुक्या पऱ्हाटीतली जवळपास निम्मी उष्णता त्या तीन किलोंत असते. उरलेल्या सातांत बरंच पाणी आणि कार्बन डायऑक्साइड, बाकी जळाऊ वायू आणि डांबराची वाफ. बंद पिंपातून निघणारा हा वायू खालच्या आगीतच जाळला, तर एकदा पेटलेली भट्टी बरीचशी स्वतःच्या बळावर चालते. ‘आरती’ची भट्टी याच तत्त्वावर चालते. तोच वायू मोकळा सोडला तर डोळे चुरचुरवणारा पिवळट धूर गावभर, त्यात कार्बन मोनॉक्साइड आणि मिथेनही. तेव्हा ज्या भट्टीत वायू जाळायची सोय नाही, तिला अनुदानाचा एक रुपयाही मिळता कामा नये, मग तिचा कोळसा कितीही चांगला असो.