पॅरिसची गर्दी, यात्रेची गर्दी

सौंदत्तीच्या यल्लम्मा डोंगरावर निघालेली निपाणी भागातली बाई सगळे पैसे एकाच जागी ठेवत नाही. थोडे कनवटीला, थोडे पोलक्यात, सुट्टे तेवढे पिशवीत. युरोपच्या सहलीला निघताना मात्र आपल्याकडची शहाणी माणसंही पासपोर्ट, कार्ड आणि युरो एकाच पर्समध्ये कोंबतात, कारण ‘तिकडं चोऱ्या होत नाहीत’ हा समज पक्का. खिसेकापूंच्या सुळसुळाटाला कंटाळून लूव्र संग्रहालयाच्या कर्मचाऱ्यांनी एप्रिल २०१३ मध्ये काम थांबवलं आणि ते दिवसभर बंद राहिलं. मे २०१५ मध्ये आयफेल टॉवरच्या कर्मचाऱ्यांनीही याच कारणासाठी काम थांबवलं. ‘एवढी धास्ती घेऊन फिरण्यात कसली मजा?’ असं कुणी म्हणेल. पण हे चोर सहसा अंगावर येत नाहीत. मेट्रोचं दार मिटताना होणारी रेटारेटी, सहीसाठी पुढे केलेला कागद, एवढंच त्यांना पुरतं. तेव्हा धास्ती नको, वाटणी हवी. पासपोर्टची झेरॉक्स वेगळ्या बॅगेत ठेवाच. तो गेलाच तर पोलिसांत तक्रार नोंदवून भारतीय दूतावास गाठावा लागतो, आणि हाती झेरॉक्स असली की तिथलं काम बरंच सोपं होतं. मदतीचा नंबर आपल्यासारखाच, ११२.